विलीन झालेली विमान कंपनी की वेगळी राहिलेली?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पोराला ग्राउंड स्टाफसाठी दोन बोलावणी आलीत. एक कंपनी नव्या मालकाने स्वतःत मिसळून घेतलेली, दुसरी मालकाच्या हाताखाली पण वेगळी. जाहिराती ठेवूया बाजूला.

निर्णय कोण घेतं: मिसळलेल्या कंपनीत साध्या रोस्टरलाही (ड्युटीच्या वेळापत्रकालाही) मुख्यालयाचा होकार लागू शकतो. वेगळीत स्टेशन मॅनेजरला थोडी मोकळीक असते. पण नाव वेगळं म्हणून तिजोरीही वेगळी असं नाही. २००७ मध्ये जेट एअरवेजने एअर सहारा विकत घेऊन जेटलाइट हे वेगळं नाव ठेवलं, तरी २०१९ मध्ये जेटबरोबर तीही जमिनीवर आली. किंगफिशरने घेतलेल्या एअर डेक्कनची तर २००८ मध्ये किंगफिशर रेड झाली आणि स्वस्त तिकिटाचा मूळ धंदाच विरघळला.

ज्येष्ठता: खरी भांडणं इथंच. दोन कंपन्यांच्या ज्येष्ठता याद्यांची एक करताना कुणीतरी खाली सरकतोच. मे २०२४ मध्ये, पूर्वीच्या एअरएशिया इंडियाशी विलीनीकरण चालू असतानाच, एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकदम आजारपणाची रजा टाकली आणि विमानं रद्द झाली. नव्या भरतीच्या पोराला याची झळ कमी, जुन्यांना जास्त.

मार्ग: मोठ्या समूहाचं विमान जिथं कमाई तिथं जातं, बेळगावच्या सांबऱ्यासारखा विमानतळ यादीत खाली. सत्तरेक आसनांची एटीआर (पंख्याची छोटी विमानं) चालवणाऱ्या कंपनीचं पोटच छोट्या गावांवर.

पगार? ऑफर लेटर बघा, आणखी काय सांगू.

बदलीची तयारी असेल, वर चढायचं असेल तर मिसळलेली घ्यावी. आईबाबांजवळ राहून सगळी कामं शिकायची असतील तर वेगळी. फक्त मालक कंपनीचा ताळेबंद आधी वाचून.