भर उन्हातला पूल: तीन फ्रेम जोडाव्यात की एकच रॉ काढावी?

कोल्हापुरात पंचगंगा घाटावर ऐन दुपारी उभं राहिलं, की शिवाजी पुलाचा फोटो कसा येणार हे कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधीच कळतं. आकाश पांढरंफटक आणि कमानीच्या पोटात डांबर ओतल्यासारखा काळोख. डोळ्यांना मात्र सगळं दिसत असतं, अगदी कमानीच्या आतल्या दगडांचे सांधेसुद्धा. डोळा जिथे वळेल तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. अख्ख्या चौकटीला मिळून एकच एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेल्या उजेडाचं एकच माप.

माझ्या भाच्याने नुकताच कॅमेरा घेतलाय. त्याचा प्रश्न असा: "मामा, ब्रॅकेटिंग शिकू, फिल्टर घेऊ, की फोनच बरा?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच दृश्याचे तीन फोटो: पहिला बरोबर उजेडाचा, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नंतर सॉफ्टवेअरमध्ये ते जोडायचे. कागदावर हा उपाय बिनतोड आहे. आकाश कमी उजेडाच्या फ्रेममधून येतं, कमानीचं पोट जास्त उजेडाच्या. ट्रायपॉड पक्का असेल आणि चौकटीत काही हलत नसेल, तर दगडी पुलासाठी याहून स्वच्छ सावली दुसऱ्या कशाने मिळत नाही.

पण पुलाच्या चौकटीत काही हलत नाही, असं कधी होतं? मी घाटावरून तीन फ्रेम काढल्या तेव्हा कमानीच्या अलीकडे एक म्हैस पाण्यात बसली होती. दोन फ्रेमच्या मध्ये तिने मान वळवली. घरी येऊन जोडल्यावर तिला चार शिंगं. सॉफ्टवेअरला ही भुतं, म्हणजे हललेल्या गोष्टींच्या दुहेरी आकृत्या, काढायला सांगितलं, तर त्याने तेवढ्या जागेपुरती एकच फ्रेम उचलली आणि म्हशीभोवती वेगळ्याच पोताचं ठिगळ लागलं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तर म्हशीचीही गरज नाही. लाटा आहेत, गाड्या आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या केबल. उजळ आकाशावरच्या बारीक काळ्या रेषा वाऱ्याने ट्रायपॉड किंचित थरथरला तरी दुहेरी दिसतात, त्यांच्या कडेला पांढरी झालर येते. आणि मग स्लायडर ताणायचा मोह. पूल खरा राहत नाही, कॅलेंडरवर छापल्यासारखा दिसतो.

म्हणून माझं मत एका रॉ फाइलच्या, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलच्या बाजूने आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, सगळ्यात कमी, साधारण 100. स्क्रीनवर करपलेला भाग लुकलुकतो ती सूचना चालू ठेवायची आणि पुलाजवळच्या आकाशाचं लुकलुकणं थांबेपर्यंत एक्स्पोजर खाली आणायचं. बहुतेकदा एक ते दीड स्टॉप. मागच्या पडद्यावर फोटो काळवंडलेला दिसेल, घाबरायचं नाही. यामागचं कारण साधं आहे. जो उजेड पूर्ण पांढरा होऊन गेला, तिथे फाइलमध्ये काहीच उरत नाही. अंधारात मात्र माहिती दबलेली असते, ती वर काढता येते. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या नेहमीच्या फोटोत, प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384. त्यामुळे जेपेगची सावली ताणली की तिचे पट्टे पडतात. रॉ बरंच ताणून घेते. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, तेव्हा खर्चाचं कारण नको.

तोटा एकच: फार वर ओढलं तर सावलीत रंगीत खरखर येते. मी अर्ध्यावर थांबतो. कमान आतून पोकळ आणि गडद दिसली तरच ती वजन पेलतेय असं वाटतं. आतला प्रत्येक दगड उजळला तर ती पुठ्ठ्याची होते.

फोनचं थोडक्यात. आजचे फोन न विचारता अनेक फ्रेम जोडतात आणि घाईत तेच ठीक आहे. आकाशावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा, बाकी फोनवर सोडा. नंतर स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमधल्या 'एचडीआर स्केप' या इफेक्टला हात लावू नका.

फिल्टरमध्ये अर्धा काळा, अर्धा पारदर्शक असा जो ग्रॅज्युएटेड मिळतो, तो पुलासाठी घेऊच नये. क्षितिज सपाट असेल तिथे तो चालतो. इथे पुलाचे खांब आणि मनोरे त्या रेषेच्या वर जातात आणि वरच्या अंगाला काळे पडतात. पोलरायझरचं, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या फिल्टरचं, वेगळं. तो कमानीतला अंधार कमी करणार नाही, उलट दीडेक स्टॉप उजेड खाईल. पण पाण्यावरची झळाळी कापतो, आणि ते काम नंतर संगणकावर होत नाही. गंमत म्हणजे सूर्य डोक्यावर असताना तो क्षितिजालगतच्या आकाशावर चहूबाजूंनी चालतो. ज्या वेळेला सगळे कॅमेरे म्यान करतात, तीच त्याची वेळ. उघड्या लोखंडाची चकाकी मात्र त्याला आवरत नाही.

आणि जागा बदलणं फुकट आहे. सागरी सेतू सकाळी दादर चौपाटीवरून काढलात तर सूर्य पाठीशी. तिथूनच संध्याकाळी नुसती काळी आकृती मिळेल. हिवाळ्यात वांद्र्याच्या किल्ल्यावरून दुपारी दक्षिणेकडे बघाल तर ऊन थेट लेन्समध्ये, आणि त्याच वेळी वरळीच्या किल्ल्यावरून उत्तरेकडे बघाल तर तेच ऊन पुलाच्या अंगावर. दिवस तोच, पूल तोच.

भाच्याला सांगितलं: आधी महिनाभर रॉ. नदीकाठी जास्त जात असशील तर पोलरायझर घे. ब्रॅकेटिंग ठेव रिकाम्या घाटासाठी, पहाटेनंतर आणि म्हशी येण्याच्या आधी. माझ्या त्या तीन फ्रेमपैकी कमी उजेडाची तेवढी मी ठेवली आहे. तिच्यात म्हशीला दोनच शिंगं आहेत.