अंगणवाडीतील पोषण वर्ग : उपयुक्त शिकवण, चुकलेली वेळ

बीड जिल्ह्यातील आमच्या गावच्या अंगणवाडीत एका स्वयंसेवी संस्थेने घेतलेला पोषण वर्ग मी किशोरवयीन मुली व त्यांच्या आयांसोबत पूर्ण केला, आणि त्यातील प्रात्यक्षिके मला मनापासून आवडली. महागडी फळे किंवा डब्यातील पावडर न सुचवता शिक्षिकांनी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला आणि शेंगदाण्याची चटणी यांवरच भर दिला; पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक अंगी लागते, तर जेवणाबरोबरचा चहा त्यात अडथळा आणतो, हे त्यांनी इतके नीट समजावले की काही घरांत जेवणानंतर लगेच चहा ठेवणे थांबले. 10 ते 19 वयोगटाला आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी उपाशीपोटी घेऊ नये, हेही मुलींना तेव्हाच कळले. माहितीपुस्तिका ठीक आहे, अक्षर मात्र बारीक. खरी उणीव वेळापत्रकाची आहे. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतो, आणि तोपर्यंत ऊसतोड कुटुंबे लेकरांसह कारखान्यांकडे निघून गेलेली असतात. ज्यांच्या ताटात सर्वांत कमी पडते तीच घरे वगळली जावीत, हे मला अजिबात पटत नाही. पुढील वर्ग पोळ्याच्या आधी घ्यावा, अशी लेखी विनंती मी संस्थेकडे केली आहे.