स्टार्च की खनिजासोबत दळलेले तंतुक? रद्दीवरच्या पुठ्ठ्यासाठी

फिलर, म्हणजे कागदात भरायची खनिज भुकटी, वाढवला की कागद कमजोर होतो, हे सांगायला नको. ती कसर कॅटायनिक (धन प्रभाराच्या) स्टार्चने भरावी की खनिजासोबत दळलेल्या सूक्ष्म सेल्युलोज तंतुकांनी, हा प्रश्न. चाकण-भोसरीच्या खोकेवाल्यांना पुठ्ठा देणाऱ्या, रद्दीवर चालणाऱ्या मिलपुरतं बोलतो.

स्टार्च स्वस्त आणि हातातला. ९५ अंशांवर वीसेक मिनिटं शिजवायचा, १ टक्क्याखाली पातळ करायचा, टनाला ८-१० किलो सोडायचा. अडचण पुढे येते. बॅक वॉटर, म्हणजे कागदातून निथळलेलं पाणी, पुन्हा फिरवत राहिलं की क्षार साठतात, स्टार्च तंतूला धरत नाही, पाण्यातच राहतो. रद्दीतून आलेला जुना स्टार्च त्यात भर घालतो. एप्रिलच्या उन्हात त्यावर जंतू पोसतात. चेस्टच्या, म्हणजे लगद्याच्या टाकीच्या, कडेवरून बोट फिरवलं की बुळबुळीत थर निघतो. त्याचा गोळा सुटून वायरवर, म्हणजे लगदा निथळणाऱ्या जाळीवर, आला की कागदाला भोक पडतं आणि तिथेच तो तुटतो. वर पुठ्ठ्याला आंबूस वास. डोस वाढवला तर हे सगळं आणखी चिघळतं. माझं मत इथेच फिरलं.

तंतुक मोठ्या तंतूंमधल्या फटीत जाळ्यासारखे बसतात, थर सहज सुटत नाहीत. नुसते तंतुक २-३ टक्क्यांनाच दह्यासारखे घट्ट होतात. सोबत दळलेलं खनिज त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं, म्हणून दाबून वडी करता येते.

हिशेब असा: निम्मं खनिज, निम्मे तंतुक, वडीत २० टक्के घन. १.५ टक्के तंतुक हवेत तर टनाला १५ किलो, म्हणजे कोरडं मिश्रण ३० किलो, ओली वडी १५० किलो. वाहतुकीत पाणीच वाहायचं, हे खटकतं खरं. वडी पल्परमध्ये (लगदा घुसळायच्या हौदात) पूर्ण सुटू द्या. थोडा घोळ काचेवर पसरून उजेडात बघा, गाठ दिसली तर अजून फिरवा.

तंतुक पाणी धरतात. वायरवर निचरा मंदावतो, वाफ जास्त लागते. म्हणून रिफायनरचा (तंतू रगडणाऱ्या यंत्राचा) भार आधी उतरवा, मग डोस द्या. तुरटीवर आम्लात चालत असाल तर कॅल्शियम कार्बोनेटचं मिश्रण नको, फेस येईल, केओलिनचं (चिनी मातीचं) घ्या. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाला मात्र स्टार्चच बरा, तिथे हवा जायला वाट लागते.

बाकी पुठ्ठ्याला, पाणी बंद फेऱ्यात असेल तर, मी तंतुकांकडे झुकेन. सुरुवात फक्त मधल्या थरापासून करा आणि पहिले काही तास वायरवरची ओली रेघ, म्हणजे पाण्याची चकाकी संपते ती जागा, कुठवर सरकते यावर नजर ठेवा.