मशिदीत अरबीला जाणाऱ्या पोरांचा खाऊ-डबा, सोलापूर: साडेतीन स्टार

आधीच सांगते, हे डबे करणाऱ्या खालांचं (आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणजे खालाच म्हणतो) दुकान-बिकान काही नाही, बोर्ड पण नाही, विजापूर वेशीकडं घरातनंच करतात आणि व्हॉट्सअपवर ऑर्डर घेतात. काम एकच, असर ते मगरिब, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजपासनं सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, मशिदीत जी पोरं अरबी शिकायला बसतात त्यांच्यासाठी छोटे स्टीलचे डबे भरून पाठवायचे. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत आता बरेच महिने त्यांचेच डबे येतात आणि माझी दोन्ही पोरं तिथं जातात, म्हणून लिहितेय. पाचात साडेतीन. चार दिले असते, पण का नाही दिले ते पुढं येईल.

डब्याच्या आधी काय चालायचं ते सांगितल्याशिवाय ह्याची किंमत कळायची नाही. कुणाच्या पोराचा सिपारा (कुराणाचा एक भाग) संपला की बाप खुशीनं पुड्यांची माळ घेऊन हजर, कुणाची मन्नत पुरी झाली, कुणी वडलांच्या नावानं सवाब, म्हणजे पुण्य, म्हणून वाटतंय, असं करत आठवड्यातले बहुतेक दिवस पोरांच्या हातात पाच रुपयेवाली मसाल्याची पुडी नाहीतर रंगीत जेली, आणि जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) आसपास कोल्ड्रिंक. माझ्या धाकट्याच्या सिपाऱ्यात अजून पानाच्या कडेला नारंगी अंगठा उमटलेला आहे, धू म्हटलं तर कागद फाटंल. वजूच्या, म्हणजे हातपाय धुवायच्या, हौजाच्या जाळीत प्लास्टिक, चटईवर चुरा, आणि पोरगं घरी आलं की जेवायला नको. दादी म्हणायच्या, अल्लाच्या घरनं खाऊन आलंय, जाऊ दे. मी पण काय बोलणार? पण एक विचारते, घरी पाव्हणे आले तर हीच पुडी फोडून ताटात ठेवाल का त्यांच्या पुढं? मग मशिदीत बसलेल्या पोराला कशी काय चालते?

कोल्ड्रिंकचं तर साधं गणित आहे, १०० मिलीला १० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे २०० मिलीची बाटली झाली की साधारण पाच चमचे पोटात. घरी चहात दीड चमचा साखर घातली तर आपण ओरडतो.

आता डबा. साध्या दिवसाचा डबा वीस रुपये, त्यात शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, मूठभर फुटाणे आणि दोन खजूर. गुरुवारी कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणी, जुम्म्याला केळं. बास, एवढंच, काही फॅन्सी नाही. लाडू मात्र खरंच भारी, दाणे खरपूस भाजलेले, साल पाखडून काढलेली, गूळ जास्त नाही, हाताला चिकटत नाही. दाणे खवट लागले असं एकदाही झालं नाही आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ही छोटी गोष्ट नाही. कडक भाकरीचं मला वाटलं होतं की पोरं तोंड वाकडं करतील, पण नाही, कुरकुरीत लागतं ना, पुडीत त्यांना तेच तर आवडायचं. चटणी आधी सगळ्यांना एकच यायची, लहान पोरं पाण्यासाठी नळाकडं पळायची, मग खालांना सांगितलं तर आता छोट्या पोरांच्या डब्यावर लाल दोरा बांधून कमी तिखटाची वेगळी देतात. सांगितलेलं ऐकतात, हा एक पूर्ण स्टार त्याचाच.

डाळिंबाच्या दिवसात दहा रुपये जास्त घेऊन डाळिंबाचे दाणे देतात. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला जीआय टॅग आहे म्हणून सगळीकडं मिरवतो आपण, पण पोरांना कितीदा मिळतं ते? मोठी पोरं तेव्हा कुराणातली सूरा रहमान पाठ करत होती, त्यात जन्नतीतली फळं, खजूर आणि डाळिंब असं नावानिशी येतं (५५:६८), पोरांना शिकवणाऱ्या हाफिजसाबनी बरोबर त्याच दिवशी डबे उघडायला लावले. पोरं एकमेकाला कोपरानं ढोसून दाखवत होती. हे काही खालांनी ठरवून केलेलं नाही, पण माझ्या लेकीला ती आयत तेव्हापासनं कधी अडली नाही.

आता तक्रारी. खजुराच्या बिया काढत नाहीत. चाळीसेक पोरं, म्हणजे ऐंशी बिया, त्या चटईखाली, चपलांत, एक तर कुणीतरी पंख्यावर पण फेकली होती. मी म्हटलं बी काढून द्या तर म्हणाल्या खजूर लवकर वाळतो आणि हात लागतो. बरं, मग डब्यात एक रिकामी वाटी तरी द्या की, खाला! दुसरं, दाणे कुणाला चालत नाहीत हे विचारायची पद्धतच नाही. आमच्यातल्या एका पोराला शेंगदाण्यानं अंगावर गांध्या उठतात, त्याच्या आईनं स्वतः येऊन सांगितलं तेव्हा कुठं त्याला फुटाणे-खजूर वेगळे यायला लागले. सगळा डबाच दाण्यावर चालवता तर पहिल्या दिवशी यादी घ्यायला पाहिजे, ह्याचा मी अर्धा कापला. आणि डबे परत देण्याचा घोळ, झाकणं हरवली की पैसे कापतात, ते बरोबरच आहे म्हणा, पण कुणाचं झाकण हे ठरवायचं कसं? नंबर टाका की वर.

कापलेला उरलेला एक स्टार रमजानचा. रमजानात मक्तब, म्हणजे हा अरबीचा वर्ग, सकाळी असतो म्हणून डबा बंद आणि खाला इफ्तारच्या ऑर्डरी घेतात, त्यात भजी आणि समोसेच जास्त. तेलाबद्दल काही बोलणार नाही, ताजं वाटलं, पण पोरांसाठी वेगळं काही नाही. रोजा बालिग झाल्यावर, म्हणजे वयात आल्यावर, फर्ज (बंधनकारक) होतो हे सगळ्यांना माहितीय, तरी हौसेनं धरतात पोरं, पहिल्या रोज्याचा हार घालून फोटो पण पेपरात येतो, आणि दिवसभर उपाशी पोटावर पहिला घास काय तर तळलेलं आणि वरनं थंडगार कोल्ड्रिंक. ताजा खजूर, नाही तर सुका खजूर, तोही नसंल तर पाण्याचे घोट, हुजूरची, म्हणजे पैगंबरांची, इफ्तारची पद्धत हदीसमध्ये (त्यांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत) इतकी साधी आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). त्या दिवसात कलिंगड-केळं-खजूर असा पोरांचा वेगळा डबा काढला तर आख्खी विजापूर वेस घेईल, लिहून देते.

आता ट्रस्टी मंडळींचं. त्यातल्या एका काकांचं म्हणणं होतं की मशिदीत खाणंच बंद करा, ना डबा ना पुडी. मला ते पटत नाही. हुजूरच्या जमान्यात सहाबा, म्हणजे त्यांचे सोबती, मशिदीत रोटी आणि गोश्त खायचे असं इब्न माजाच्या हदीसमध्ये आहे, तर आपल्या पोरांनी अंगणात बसून लाडू खाल्ला तर काय बिघडलं, कचरा उचलला म्हणजे झालं. आणि बुखारीतली ती लहानग्या उमर बिन अबी सलमाची गोष्ट, ताटात त्याचा हात चौफेर फिरत होता तर हुजूर म्हणाले, बाळा, अल्लाचं नाव घे, उजव्या हातानं खा, तुझ्या समोरचं खा. हे शिकवायचं तर समोर खाणं पाहिजे की नको? पुडी फोडून तोंडात ओतायला शिष्टाचार लागत नाही. हाफिजसाब आता पोरांना गोल बसवतात, बिस्मिल्ला म्हणायला लावतात, मगच झाकण उघडायचं.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, हलाल आहे ना, मग कशाला किटकिट. जेलीत जिलेटिन असलं तर ते कशाचं हे पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, तिथं हलालचीच खात्री नाही, पण ते सोडा. सूरा आराफमध्ये एकाच आयतीत (७:३१) सांगितलंय की मशिदीत यायचं तर नीटनेटके कपडे घालून या, आणि खा, प्या, पण अति करू नका. जुम्म्याला कुर्त्याला इस्त्री करताना आपण पहिला भाग बरोबर पाळतो.

हाफिजसाबना पण भीती होती की पुड्या बंद झाल्या तर पोरं यायची नाहीत. पहिले काही दिवस दोन-चार जण खरंच गळाले, हे खोटं नाही, खाऊच्या ओढीनं येणारी पोरं असतातच आणि त्यात वाईट काय आहे, आम्ही पण न्याजच्या, म्हणजे प्रसादाच्या, बुंदीसाठी पळायचोच की. मग ती परत आली. एक-दोन नाही आली, आणि गेटबाहेरच्या टपरीवर पुड्या अजून लटकलेल्याच आहेत, माझा धाकटा पण सुट्टे मिळाले की तिकडं वळतो. घरात पुडी यायची बंद झाली का? नाही. पण रोजची महिन्यातनं चार-पाचवर आली आणि मगरिबनंतर पोरगं ताटावर बसतं.

पैशाचं असं जमवलंय की ज्याला सवाबसाठी वाटायचंय त्यानं पुड्या आणायच्या ऐवजी खालांना एका दिवसाचे पैसे द्यायचे, त्या दिवशी हाफिजसाब त्याचं नाव घेऊन दुआ करतात. पुडीपेक्षा चौपट खर्च आहे, त्यामुळं रोज कुणी मिळत नाही, मग आम्ही आया मिळून भरतो. ज्यांच्या घरात बिडीवर संसार चालतो त्यांच्याकडं कुणी मागत नाही आणि डबा सगळ्यांना सारखाच.

ऑर्डर द्यायची तर जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) आत मेसेज टाका, नंतर घेत नाहीत, फोन तर उचलतच नाहीत. वीस डब्यांच्या खाली नको म्हणतात. नई जिंदगी, आसरा चौकाकडं पोचवतात पण रिक्षाचं भाडं आपलं. गुरुवारचा डबा आधी दोन दिवस सांगा, भाकरी वाळायला वेळ लागतो. आणि बियांसाठी वाटी मागा, आम्ही मागून मागून थकलो, तुम्ही पण मागितली तर कदाचित देतील.