कोरीडर: सोर्समधून बिल्ड करावं असं ई-रीडर सॉफ्टवेअर

माझ्या कोबो क्लारा एचडी या ई-रीडरवर मराठी ईपब (ई-पुस्तकाच्या फाइली) आणि जुन्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचायला मी कोरीडर वापरते. तयार पॅकेज उत्तम आहेच, पण सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करताना हा प्रकल्प किती जीव ओतून सांभाळलाय ते कळतं.

‘कोडेव्ह’ नावाची एकच स्क्रिप्ट सगळं बघते. आधी कोबोचं टूलचेन (त्या यंत्रासाठी कोड कंपाइल करणारी साधनं) बसवायचं, मग रिलीजची कमांड द्यायची. म्युपीडीएफ, क्रेइंजिन, हार्फबझ (अक्षरांची जोडणी करणारी लायब्ररी), लुआजिट अशा घटकांची मोठी फौज कंपाइल होते, म्हणून पहिला बिल्ड वेळखाऊ. आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं सीकॅश आधीच टाकून ठेवा, पुढचे बिल्ड झपाट्याने होतात.

आता फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचना. क्लारात कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम. स्कॅन केलेलं पान लहान-मोठं करताना ‘निऑन’चा (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारी प्रोसेसरची सोय) उपयोग होतो, त्याचा फ्लॅग काढू नका. पण कोड वेगवान करण्याची ‘ओ२’ पातळी सोडून त्यावरच्या ‘ओ३’च्या मागे लागण्यात मला अर्थ वाटत नाही. फाइल फुगते, आणि पान उलटताना ई-इंक पडदा रिफ्रेश व्हायला लागणारा वेळ कुठलाच कंपायलर वाचवू शकत नाही.

किंडलवाल्यांनी मात्र टार्गेट (कोणत्या यंत्रासाठी बिल्ड करायचा ते) नीट निवडावं. फर्मवेअर ५.१६.३ पासून हार्ड-फ्लोट (दशांश आकडे प्रोसेसरच्या खास रजिस्टरांतून हाताळणारा) बिल्ड लागतो, त्याला जुना बिल्ड चालत नाही.

यंत्रावर चढवण्याआधी एम्युलेटरमध्ये (संगणकावर चालणाऱ्या कोरीडरमध्ये) एखादं मराठी ईपब उघडून जोडाक्षरं तपासा. हार्फबझमुळे ‘क्ष’, ‘त्र्य’, ‘र्‍या’ अगदी सुरेख उमटतात.