ब्रेड मशीन की ओटीजी? मर्यादित खर्चात घरी ब्रेड करणाऱ्यांसाठी

घरच्या घरी ब्रेड करायचा असे ठरले आणि खर्चाची मर्यादा सात-आठ हजार रुपयांची असली, की निवड मुख्यतः दोन उपकरणांतून करावी लागते: मळण्यापासून भाजण्यापर्यंतचे सगळे काम एकाच भांड्यात उरकणारे ब्रेड मशीन, किंवा फक्त भाजण्याचे काम करणारा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल). खरेदीला निघण्यापूर्वी घरातला मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन प्रकारचा, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवून भाजणारा, आहे का, हे मात्र आधी पाहावे. तसा असल्यास त्यात २०० अंश सेल्सिअसला ब्रेड चांगला भाजला जातो आणि ओटीजी घेण्याचे कारणच उरत नाही.

मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासॉनिक, कंपनीने १९८७ साली जपानात घरगुती ब्रेड मशीन बाजारात आणले, आणि यंत्राची मूळ रचना आजही जवळजवळ तीच आहे. आतून नॉनस्टिक थर दिलेले एक उभट भांडे, त्याच्या तळाशी फिरणारे पाते आणि भांड्याभोवती हीटर असतो. पाणी, पीठ, मीठ, साखर, लोणी आणि यीस्ट घालून बटण दाबले की साधारण तीन ते साडेतीन तासांत ब्रेड तयार होतो. हीटर प्रामुख्याने शेवटच्या तासाभरात चालत असल्यामुळे ५००-६०० वॅटच्या यंत्राला एका ब्रेडसाठी अर्ध्या युनिटहूनही कमी वीज पुरते. ओटीजी मात्र दहा मिनिटे आधी तापवावा लागतो, मग ३५-४० मिनिटे भाजावे लागते, आणि त्यात अंदाजे पाऊण ते एक युनिट खर्ची पडते. हा फरक दर ब्रेडमागे चार-पाच रुपयांचाच असल्यामुळे केवळ विजेच्या हिशेबावर निर्णय घेऊ नये.

खरा फरक कष्टांचा आणि लक्ष देण्याचा आहे. हाताने मळताना ब्रेडची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल ठेवावी लागते, ती सुरुवातीला हाताला आणि ओट्याला चिकटते, आणि दहा-बारा मिनिटे नेटाने मळल्यानंतरच ताणली असता न तुटता पातळ पडद्यासारखी पसरते. त्यानंतर ती दुप्पट होईपर्यंत फुगू द्यायची, हवा काढून आकार द्यायचा, साच्यात पुन्हा फुगवायची आणि मग भाजायची, असा क्रम असतो. मे महिन्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात कणीक पाऊण तासात फुगते, तर डिसेंबरात पुण्यात तिलाच दोन तास लागू शकतात, म्हणून घड्याळापेक्षा कणकेकडे पाहावे लागते. ज्यांचे मनगट किंवा खांदा दुखतो, ज्यांच्या घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांच्यासाठी मशीनची हीच बाजू सर्वांत मोलाची आहे आणि तिला मी कधीही चैन म्हणणार नाही.

अर्थात मशीनकडेही सुरुवातीला पाहावेच लागते. मळणे सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून बघावे. पात्याभोवती मऊ, गुळगुळीत गोळा फिरत असेल तर प्रमाण बरोबर आहे. भांड्याच्या कडेला कोरडे पीठ राहत असेल तर चमचाभर पाणी घालावे, आणि गोळा न होता कणीक तळाशी पसरत असेल तर चमचा-दोन चमचे पीठ भुरभुरावे.

गव्हाच्या पिठाबाबत दोन्ही उपकरणांची अडचण सारखीच आहे. गिरणीतून दळून आणलेले लोकवनचे पीठ पोळीसाठी उत्तम असले, तरी त्यातला कोंडा ग्लुटेनची, म्हणजे ब्रेड फुगवून धरणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची, जाळी तोडतो, आणि बारीक दळलेले पीठ पाणीही जास्त पिते. त्यामुळे केवळ गव्हाच्या पिठाचा ब्रेड भरीव आणि बुटका होतो. निम्मा मैदा मिसळल्यास किंवा दोन मोठे चमचे ग्लुटेन पावडर घातल्यास तो बराच हलका होतो. हाताने मळणारा पाण्याचे प्रमाण बोटांनी ओळखतो, तर मशीनच्या छापील कृती बहुधा परदेशी पिठासाठी लिहिलेल्या असतात, म्हणून तेथे प्रत्येक नव्या पिठाला पाणी नव्याने जुळवावे लागते. खपली गव्हाकडून तर दोन्हीकडे फार अपेक्षा ठेवू नये.

काय खायचे आहे, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे. मशीनमधून एकाच आकाराचा, उभट ब्रेड निघतो, त्याचा वरचा भाग फिकट राहतो आणि तळाला पात्याचे भोक पडते. सँडविच आणि टोस्टसाठी तो पुरेसा आहे. लादी पाव, बन किंवा खारी हवी असेल, तर मशीन फार तर कणीक मळून आणि फुगवून देईल, पण भाजायला ओटीजी लागेलच. मिसळ आणि पावभाजीसाठी घरचा पाव हवा म्हणून ब्रेड मशीन घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

आता पैशांचा हिशेब पाहू. ३५० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम लोणी, चार ग्रॅम यीस्ट आणि वीज धरून सुमारे साडेपाचशे ग्रॅमचा ब्रेड साधारण ३५ रुपयांत होतो. तेवढ्याच वजनाच्या विकतच्या ब्रेडला ६० रुपये धरले तर बचत पंचवीसेक रुपयांची होते. आठ हजारांचे मशीन त्या हिशेबाने ३२० ब्रेडनंतर फिटते, म्हणजे आठवड्याला दोन ब्रेड केल्यास तीन वर्षांहून थोडे अधिक लागतात. पाच हजारांचा ओटीजी जास्त वीज धरूनही अडीच वर्षांच्या आत फिटतो, शिवाय त्यात एका वेळी दोन साचे बसतात आणि केक, बिस्किटे, भाजलेल्या भाज्याही होतात.

जेथे वीज वारंवार जाते, तेथे मशीन घेण्यापूर्वी विचार करावा. अनेक यंत्रे दहा-पंधरा मिनिटांपर्यंतचाच खंड सहन करतात, आणि त्याहून जास्त वेळ वीज गेल्यास कार्यक्रम पुढे चालू होत नाही. हाताने मळलेली कणीक मात्र अशा वेळी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी भाजता येते. रात्री वेळ लावून सकाळी ताजा ब्रेड मिळवण्याची सोय आकर्षक आहे, पण उन्हाळ्यात त्या कृतीत दूध किंवा अंडी घालू नयेत, कारण ती रात्रभर उष्णतेत राहतात.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक तेथे जुने मशीन स्वस्तात मिळते म्हणून येथे आणतात. ते १२० व्होल्टवर चालते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट असतात, म्हणजे वजनदार ट्रान्सफॉर्मरचा खर्च आलाच. येथेच वापरलेले मशीन घ्यायचे असेल, तर पाते सोबत आहे ना, नॉनस्टिक थर खरवडलेला नाही ना, आणि भांड्यात पाणी भरून ठेवल्यावर तळातून गळत नाही ना, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रोज पोळीची कणीक मळणाऱ्या आणि पाव, केकचीही हौस असलेल्या घराने ओटीजी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्याला तीन-चार वेळा सँडविचचा ब्रेड लागत असेल आणि मळायला हात किंवा वेळ मोकळा नसेल, तर मशीनचे पैसे योग्य जागी पडतील. दोन्ही बाबतींत तीन-चारशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा त्याच खरेदीत धरावा, कारण वाटीने मोजलेले पीठ दर वेळी वेगळे भरते.