चेक इंजिनचा पिवळा दिवा आणि साडेपाचशेचा ओबीडी स्कॅनर: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष वाचणारं यंत्र, हे दिवा घालवायचं नाहीये. दिवा का लागलाय तेवढं सांगतं, आणि तेही अर्धवटच. तरी मी पाचपैकी चार देतेय, का ते खाली.

आमची गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या पुढे पळालेली. ऐन पावसाळ्यात डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडी मात्र मस्त चालतेय, आवाज नाही धक्के नाहीत, ॲव्हरेज जरा कमी वाटत होतं पण ते पुण्याच्या ट्रॅफिकमुळे असं घरच्यांचं मत. गॅरेजला नेली की तो मशीन लावायचा, दिवा घालवायचा, पाचशे रुपये घ्यायचा, आणि दोन दिवसांत दिवा परत हजर. शेवटी म्हणाला ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, पाच हजाराच्या आसपास जाईल, लेबर वेगळं. कोड, म्हणजे दोषाचा नंबर, कुठला आला विचारलं तर "सेन्सरचाच आहे मॅडम" एवढंच उत्तर. एका नातेवाइकाने तर दिव्यावर काळी टेप लाव म्हणून सांगितलं, जुनी गाडी आहे, कोण बघतंय! टेप लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की हाच दिवा नुसता पेटून न राहता लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, आणि त्याची किंमत ऐकली की सेन्सरचे पाच हजार किरकोळ वाटतात.

तर हा स्कॅनर. ऑनलाइन साडेपाचशेला मिळाला, निळा, काडेपेटीएवढा, ईएलएम३२७ नावाच्या स्कॅनर चिपची स्वस्त नक्कल. सोबत एक छोटी सीडी येते, ती आता कुठे घालायची देव जाणे, आणि लॅपटॉपला ड्राइव्ह असला तरी घालू नका. गाडीत स्टीअरिंगच्या खाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट असतं, मान वाकडी करून बघावं लागतं, त्यात हा खोचायचा. चावी ऑनवर, फोनचं ब्लूटूथ चालू, पेअर करताना पिन १२३४ किंवा ०००० आणि मग ॲप. मी टॉर्क नावाच्या ॲपचं फ्री व्हर्जन वापरलं, भागतं. पहिल्यांदा कनेक्ट व्हायला खूप छळलं, ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲडॉप्टर निवडावा लागतो हे कुठेच लिहिलेलं नाही, एक स्टार त्याचाच गेला.

कोड आला पी०१३५. पी० वाले कोड सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सारखेच असतात त्यामुळे नेटवर अर्थ लगेच सापडतो: ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट, बँक १ (सिलिंडरची पहिली रांग), सेन्सर १, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला सेन्सर. आता इथे नीट वाचा, कारण सगळा खेळ "सर्किट" या शब्दात आहे. सर्किट म्हणजे नुसता सेन्सर नाही, त्यात फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला, सगळं आलं. गाडीच्या कॉम्प्युटरला एवढंच कळतं की हीटरच्या लाइनमध्ये गडबड आहे, कुठे ते त्याला माहीत नसतं. गॅरेजवाल्याने यादीतली सगळ्यात महाग वस्तू उचलून सांगितली.

दिवा दोन दिवसांनीच का परत यायचा तेही यातूनच समजलं. कोड पुसल्यावर पहिल्या फेरीत दोष दिसला की कॉम्प्युटर तो पेंडिंग म्हणून लिहून ठेवतो, लागोपाठ दुसऱ्या फेरीत पण दिसला तरच दिवा लावतो. म्हणजे गॅरेजमधून बाहेर पडताना दिवा बंद असणारच हो, त्यात काही दुरुस्त झालेलं नसतं. ॲपमध्ये पेंडिंग कोड वेगळे बघता येतात, मी पुसून बघितलं तर दिवा बंद असताना पी०१३५ तिथे परत येऊन बसलेला होता. आणि हो, क्लिअरचं बटण दाबायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, त्या बटणाने फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते. दोष नोंदला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती हे त्यात असतं, मेकॅनिकच्या खूप कामाचं.

दुसरी कामाची गोष्ट लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना ॲपवर दिसणारे सेन्सरचे आकडे. हा सेन्सर साधारण तीनशे डिग्रीच्या वर गेल्याशिवाय नीट काम करत नाही म्हणून तर त्याला हीटर देतात, नाहीतर नुसत्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापायला वेळ लागतो आणि तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडत बसतो. आमच्याकडे सकाळी गाडी चालू केली की सेन्सरचं व्होल्टेज बराच वेळ एकाच जागी, आणि गाडी चांगली तापल्यावर ०.१ ते ०.९ च्या मध्ये झपाझप वरखाली. म्हणजे सेन्सर जिवंत होता, त्याला ऊब मिळत नव्हती. ॲव्हरेजचं कोडं पण तिथेच थोडं सुटलं, कारण आमच्या फेऱ्या सगळ्या जवळच्या, भाजी, क्लास, स्टेशन.

इथे स्कॅनरचं काम संपलं. पुढे व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टिमीटर लागतो आणि तो हातात धरता येणारा माणूस. मी गॅरेज सोडून गाड्यांचं फक्त वायरिंग करणाऱ्या एका काकांकडे गेले, त्यांना स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी आधी फ्यूज बघितला, मग सेन्सरचं कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले, काही ओहमच आले, म्हणजे हीटरची तार तुटलेली नाही. मग चावी ऑन करून गाडीकडून येणारी बाजू तपासली. "ताई, सेन्सर चांगलाय, त्याला सप्लायच येत नाहीये." लूमची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडत गेले तर आतली वायर उंदराने कुरतडलेली! पावसाळ्यात गाडी झाडाखाली उभी असते, बॉनेटखाली कोरडं आणि उबदार, त्यांना आणखी काय पाहिजे. वायर जोडली, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली, पैसे सेन्सरच्या दहाव्या हिश्शाइतके पण नाही. घरी येऊन कोड पुसला, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर बघितलं तर व्होल्टेज थोड्याच वेळात हलायला लागलं. पेंडिंग रिकामं. त्यानंतर दिवा आलेला नाही.

आता कुरबुरी. आयफोनवाल्यांनी हा निळा अजिबात घेऊ नका, आयफोनला बीएलई (ब्लूटूथचा वेगळा प्रकार) किंवा वायफायवाला लागतो, लिस्टिंगवर काहीही लिहिलेलं असो. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे याने कळत नाहीत, निदान या फ्री ॲपवर तरी नाही. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे हा स्कॅनर गाडीशी ज्या पद्धतीने बोलतो ती, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसलं तरी ती याच्याशी बोलेलच असं नाही, मैत्रिणीच्या २००८ च्या गाडीला लावला तर नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग. आणि काम झालं की काढून ठेवा, सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी हा थोडं थोडं खात राहतो, गावाला पंधरा दिवस जाऊन आलात आणि बॅटरी आधीच थकलेली असेल तर धक्का मारायची वेळ येईल. चालवताना फोनवर आकडे बघत बसणं तर सोडूनच द्या.

लाल दिव्यांसाठी हे काही नाही हे पण सांगून ठेवते. ऑइलचा किंवा टेंपरेचरचा लाल लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद, तिथे ॲप उघडायचं नाही.

घ्यावा का? दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी, अँड्रॉइड फोन, आणि तुमचा गॅरेजवाला कोड नंबर सांगायला टाळाटाळ करत असेल तर डोळे झाकून घ्या. गॅरेजवाला स्वतःहून मीटर काढून तपासणारा असेल तर हे साडेपाचशे त्यालाच द्या.